कमरेतली सुई

बरेच शनिवार इथे काही खरडलं नाही. एक कारण म्हणजे ऑफिसातलं रिलीज (ते तर बारमाही असतं), आणि दुसरं म्हणजे आई.

झालं असं की जानेवारीत गावी गेलो होतो. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगावच्या पुढे. पुण्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलं की गाडी जवळजवळ अख्खा महाराष्ट्र आडवा कापत दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचवते. उतरेपर्यंत माझीच कंबर धरली होती. घरी पोचून पाहतो तर आई भिंतीला धरून चालतेय. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ, रात्री झोप नाही, आणि हे सगळं दोन महिन्यांपासून! फोनवर मात्र रोज "बरी आहो" चालू होतं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. शेवटून दुसरी गादी सरकलीय, नस दाबली जातेय, सायटिका आहे म्हणाले. ऑपरेशनची घाई नाही, गोळ्या आणि व्यायाम चालू ठेवा, पण कळ फारच असेल तर कमरेत स्टिरॉइडचं एक इंजेक्शन देऊन पाहता येईल. मी लगेच तयार. आई मात्र खुर्चीतून उठलीच.

"माह्या कमरेत आता कोणी सुई नाही टोचायची. तुह्या येळेस टोचली होती, तेवापासूनच तं हे दुखणं लागलं."

माझा जन्म सिझेरियनचा. म्हणजे तिच्या हिशोबाने या दुखण्याचा रूट कॉज मीच :) मी तिला समजावत बसलो, की ती सुई वेगळी, ही वेगळी, विज्ञान फार पुढे गेलंय वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, तूच सांग. त्या सुईत असते काय? अन् ते जाते कुठं?"

मंडळी, मला सांगता येईना. इंजिनीअरिंगची डिग्री घेऊन मी आईला एका अशा गोष्टीचा आग्रह करत होतो, जिच्याबद्दल मला 'इंजेक्शन' या शब्दापलीकडे काही माहीत नव्हतं. परतीच्या प्रवासात वाचायला घेतलं आणि मग पुढचे कित्येक विकांत त्यातच गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

पायाळू माणूस आणि उडदाचं पीठ

दुखतं तिथेच औषध पोचवायचं, ही कल्पना काही सुईबरोबर आलेली नाही. आपल्याकडे कंबर एकदम धरली की 'उसण भरली' म्हणतात, आणि उसण उतरवायला पायाळू माणूस शोधतात. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते अशी समजूत. आमच्या आळीतही एक पायाळू काका होते आणि त्यांच्या पायाला एमआरआय मशीनपेक्षा जास्त मागणी होती.

आयुर्वेदात सायटिकाला 'गृध्रसी' म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड, आणि नाव पडलं रोग्याच्या चालीवरून. चरकसंहितेत यावर शिरा उघडून रक्त काढणे, बस्ती आणि डाग देणे असे उपाय सांगितलेत. कटिबस्ती तर आजही जोरात चालते. कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करायचं आणि त्यात कोमट तेल ओतून ठेवायचं. मला या आळ्याची फार गंमत वाटली. औषध जागेवरच थांबावं, वाहून जाऊ नये, म्हणून केलेला बांध! आमच्याकडे बांधीत पाणी अडवायला धुरा घालतात, तसाच. पण तेल कातडीबाहेर आणि दुखणं चार बोटं आत. मधलं अंतर कापायला सुई लागणार होती.

आत आहे तरी काय?

आता आईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. मज्जारज्जू पाण्याने भरलेल्या एका लांब पिशवीत लोंबत असतो. मोठ्या माणसात तो बरगड्या संपतात त्याच्या थोडं खाली, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याखाली पिशवीत फक्त नसांचा झुबका असतो. पिशवीच्या बाहेर आणि हाडाच्या आत एक चिंचोळी जागा उरते, तिच्यात चरबी आणि रक्तवाहिन्या असतात. या जागेला एपिड्युरल जागा म्हणतात. पायाकडे जाणारी प्रत्येक नस पिशवीतून निघून याच जागेतून बाहेर पडते, आणि सरकलेली गादी तिला गाठते तीही इथेच.

म्हणजे 'कमरेतली सुई' ही एक नाहीच. सिझेरियनच्या वेळी सहसा देतात ती स्पायनल भूल पिशवीच्या आत जाते. पिशवीतलं पाणी तपासायला काढतात ती सुईही आत जाते. डॉक्टर आईला सुचवत होते ती पिशवीच्या बाहेर, अलीकडेच थांबते. फरक काही मिलिमीटरचा, पण या काही मिलिमीटरमध्ये सव्वाशे वर्षांचा इतिहास मावलाय.

दोन डॉक्टर, एक हातोडी

१८८५ साली न्यूयॉर्कच्या जेम्स लिओनार्ड कॉर्निंग या मेंदूविकारतज्ज्ञाने आधी एका कुत्र्याच्या आणि मग एका माणसाच्या मणक्यांमध्ये कोकेन टोचून पाहिलं. (कोकेन तेव्हा नव्यानेच भुलीचं औषध म्हणून वापरात आलं होतं. भलते अर्थ काढू नका.) पाय बधिर झाले. औषध नेमकं कुठे पोचलं हे त्याला सांगता आलं नसतं, बहुधा पिशवीच्या बाहेरच राहिलं असावं. १८९१ मध्ये जर्मनीत क्विंके याने पिशवीत सुई घालून पाणी काढायची पक्की रीत दाखवली. आणि १८९८ च्या ऑगस्टमध्ये कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जनने त्याच वाटेने कोकेन आत सोडून रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या.

रोग्यांना नंतर डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. हे का होतंय ते कळावं म्हणून बिअर आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवरच प्रयोग करायचं ठरवलं. बिअरच्या वेळी सिरिंज सुईला नीट बसेना, त्याच्या पाठीतलं पाणीच बरंचसं गळून गेलं. हिल्डेब्रांटवर मात्र प्रयोग यशस्वी झाला. त्याला चिमटे काढले, चटके दिले, नडगीवर हातोडी मारली. काही जाणवेना! संध्याकाळी दोघांनी वाइन आणि सिगार घेऊन आनंद साजरा केला. दुसऱ्या दिवसापासून बिअर डोकेदुखीने कित्येक दिवस आडवा, आणि हिल्डेब्रांटच्या नडगीवर निळे डाग. प्रॉडक्शनमध्ये टेस्टिंग करणाऱ्यांची परंपरा आपण समजतो त्याहून जुनी आहे.

मागच्या दाराने

सायटिकासाठी महत्त्वाचं वर्ष १९०१. पॅरिसमध्ये झां-आतानाझ सिकार आणि फर्नां काथलां या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पिशवीला हातच न लावण्याची वाट काढली. माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीच्या टोकाला निसर्गाने एक छोटं भोक ठेवलंय. तिथून सुई घातली की एपिड्युरल जागेत मागच्या दाराने शिरता येतं. सिकारने या वाटेने पातळ कोकेन सोडून सायटिकाच्या आणि कंबरदुखीच्या रोग्यांना आराम दिला. म्हणजे आईला सुचवलेल्या इंजेक्शनची वाट १९०१ पासून तयार आहे. भूल देऊन शस्त्रक्रिया करायला ही वाट तेव्हा कमी पडली, पण दुखणं शमवायला ती टिकली.

याच सिकारने पुढे १९२१ च्या सुमारास फोरेस्टियेबरोबर खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून बनवलेलं लिपिओडॉल नावाचं औषध दुखणाऱ्या कमरेत टोचलं. दुखण्यापेक्षा भलताच फायदा झाला. ते तेल क्ष-किरणांत ठसठशीत दिसायला लागलं! मणक्याच्या आतलं चित्र पहिल्यांदा नीट पाहता आलं ते या योगायोगाने. आज डॉक्टर पडद्यावर पाहत सुई नेतात आणि आधी थोडं 'दिसणारं' औषध सोडून जागा पक्की करतात, त्या पद्धतीचं मूळ इथे आहे.

१९२१ सालीच फिदेल पाखेस या स्पॅनिश लष्करी सर्जनने कमरेच्या मणक्यांमधून थेट एपिड्युरल जागेत जायची रीत प्रसिद्ध केली. लेख स्पॅनिशमध्ये, दोन वर्षांनी पाखेस मोटार अपघातात गेला, आणि जगाला पत्ताच लागला नाही. दहा वर्षांनी इटलीच्या दोल्योत्तीने तीच रीत स्वतंत्रपणे मांडली आणि ती जगभर पोचली. चांगलं काम डॉक्युमेंट करून भागत नाही, ते वाचणाऱ्याच्या भाषेतही लागतं. मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या माणसाने यावर आणखी काय बोलावं.. असो.

एवढं होऊनही सायटिका नेमकी कशाने होते हे कोणालाच माहीत नव्हतं. ते १९३४ मध्ये उलगडलं. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं की मणक्यांमधली गादी फुटून तिचा गर बाहेर येतो आणि नसेवर दाब पडतो. झालं, सगळं चित्र मेकॅनिकल झालं. दाब आहे ना? मग कापून काढा. पुढे कित्येक वर्षं गाडी ऑपरेशनच्या रुळावर धावली.

चमत्काराचं आठवडाभराचं आयुष्य

आता दुसरी नदी. ही उगम पावते अमेरिकेत, मेयो क्लिनिकमध्ये. सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच आणि सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला एक नवं औषध टोचायला सुरुवात केली. धड कूस बदलता न येणारी ही बाई आठवडाभरात बाजारात खरेदी करून आली! औषध होतं कॉर्टिझोन, मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथीत शरीर स्वतः बनवतं त्या जातीचं. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि रायकस्टाइन यांना मिळालं. शोधापासून नोबेलपर्यंत जेमतेम दोन वर्षं.

पण औषध बंद केलं की दुखणं परत येई. चालू ठेवलं तर चेहरा सुजे, हाडं ठिसूळ होत, साखर वाढे, जंतुसंसर्गाशी लढायची ताकद घटे. औषधाने आग विझत होती, पण आग लावणारा तिथेच होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

मग साहजिकच कोणाच्या तरी डोक्यात आलं, की अख्ख्या शरीराला कशाला? दुखतं तिथेच थेंबभर सोडू. (आमच्या भाषेत, ग्लोबल व्हेरिएबल बदलण्याऐवजी लोकल बदला.) १९५२ मध्ये इटलीत रोबेक्की आणि काप्रा यांनी हायड्रोकॉर्टिझोन नसेच्या मुळाशी टोचलं. १९५३ मध्ये फ्रान्समध्ये लिएव्हरने ते सिकारच्या मागच्या दाराने आत सोडलं. पॅरिसची वाट आणि मेयोचं औषध एकत्र आलं. १९६१ साली अमेरिकेतून अशा ११३ रोग्यांचा अनुभव छापून आला आणि पद्धत रुळली.

पुढे औषधं सुधारली. पाण्यात न विरघळणारे बारीक कण असलेलं मिथिलप्रेडनिसोलोन आलं, ते जागेवर बसून हळूहळू बाहेर पडतं. त्याच्या ब्रँडच्या नावातच 'डेपो' आहे. आपल्या एसटीचा असतो तोच डेपो! गाड्या आत उभ्या, आणि एकेक करून बाहेर.

पण दाब जर गादीच्या गराचा आहे, तर सूज कमी करणाऱ्या औषधाने फरक का पडावा? याचं सुरेख उत्तर १९९३ मध्ये स्वीडनच्या ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दिलं. त्यांनी गादीतला गर नसेवर नुसता ठेवला, अजिबात न दाबता. तरीही नसेचं काम बिघडलं. म्हणजे तो गर नसेला रासायनिकरीत्याही डिवचतो. दाब हा अर्धा गुन्हेगार, दाह हा उरलेला अर्धा. स्टिरॉइड या दुसऱ्या अर्ध्याला आवरतं. पहिला अर्धा तिथेच राहतो.

आईची भीती

इथवर वाचून मी खूश होतो. आईला फोन करून सांगणारच होतो, की बघ, तुझी ती सुई आणि ही सुई. पण म्हटलं, तिची बाजूही तपासू. आणि तिथे गडबड झाली. तिच्या भीतीलाही इतिहास निघाला.

१३ ऑक्टोबर १९४७. इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डच्या रुग्णालयात अल्बर्ट वूली आणि सेसिल रो हे दोन धडधाकट पुरुष किरकोळ ऑपरेशनसाठी आले. दोघांनाही पाठीत सुई टोचून भूल दिली. दोघांचेही पाय कायमचे गेले. खटला चालला. निष्कर्ष असा निघाला की भुलीच्या औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलमध्ये बुडवून ठेवायचे, आणि काचेच्या अदृश्य तड्यांतून ते आत झिरपलं असावं. अशा तड्यांचा धोका तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता, म्हणून १९५४ मध्ये अपिलातही डॉक्टर निर्दोष ठरले. नंतरच्या काळात काही तज्ज्ञांनी मत मांडलं, की दोष सुया उकळायच्या भांड्यात राहिलेल्या आम्लाचा असावा. कारण काहीही असो, ब्रिटनमध्ये पाठीतली सुई पुढची कित्येक वर्षं लोकांनी आणि डॉक्टरांनीही टाळली.

दुसरी गोष्ट २०१२ ची, आणि ती तर याच इंजेक्शनची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका औषध बनवणाऱ्या फार्मसीने, न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरने, मिथिलप्रेडनिसोलोनच्या १७ हजारांहून जास्त कुप्या देशभर पाठवल्या. त्यात बुरशी होती. कंबरदुखीसाठी सुई घेतलेल्या लोकांना मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य दाह झाला. २०१३ पर्यंतच्या सरकारी मोजणीत २० राज्यांत ७५३ आजारी आणि ६४ मृत्यू. फार्मसीच्या प्रमुखाला पुढे तुरुंगात जावं लागलं.

सुई बरोबर जागी गेली होती. हात कुशल होते. कुपीत भलतंच होतं. "त्या सुईत असते काय?" हा आईचा प्रश्न मला तेव्हा एकदम वेगळा ऐकू आला.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी इशाराही दिला, की या इंजेक्शनाने क्वचित का होईना, पण दृष्टी जाणे, पक्षाघात, मृत्यू असे प्रकार घडलेत. धोका मानेत जास्त आणि कमरेत फार कमी, पण शून्य नाही.

आणि सिझेरियनपासून लागलेली कंबर? आमच्या गावात अर्ध्या बाया हेच सांगतात. गंमत म्हणजे इंग्लंडातल्या बायाही हेच सांगत होत्या. १९९० मध्ये बर्मिंगहॅमला ११ हजारांहून जास्त आयांना विचारून केलेली एक पाहणी छापून आली. बाळंतपणात एपिड्युरल घेतलेल्यांमध्ये कंबरदुखी जास्त निघाली. मात्र पुढे बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून जे अभ्यास झाले, त्यांत हा फरक टिकला नाही. २००२ मध्ये छापून आलेल्या इंग्लंडमधल्याच अभ्यासात, दीर्घकाळ पाहूनही, एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची कंबर सारखीच दुखत होती. हे अभ्यास कळांसाठी दिलेल्या एपिड्युरलचे आहेत, सिझेरियनच्या स्पायनलचे नाहीत. पण कल स्पष्ट आहे. सुईची जागा काही दिवस दुखते. वर्षानुवर्षांच्या दुखण्याचा दोष तिच्यावर टाकता येत नाही.

मग कोणावर टाकायचा? नऊ महिने पोट वाहिल्यावर, आणि पुढे तेच मूल कमरेवर घेऊन वावरल्यावर, कंबर दुखणारच. आमच्याकडे त्यात रोवणीची भर. आषाढ-श्रावणात पोटरीभर चिखलात, कमरेतून काटकोनात वाकून, मागे मागे सरकत धानाची रोपं लावायची, आणि तेही दिवसच्या दिवस. आईने हे तीसएक वर्षं केलंय. मी वर्षभराचा नसेन तेव्हा मला धुऱ्यावर छत्रीखाली ठेवून ती रोवणीला उतरली होती, हे ती कौतुकाने सांगते. सुई एकदाच टोचली आणि लक्षात राहिली. वाकणं रोजचं होतं, ते कोण मोजतो!

हिशोब

आता शेवटचा प्रश्न. फायदा किती?

१९९७ मध्ये कॅनडात १५८ सायटिका रोग्यांवर अभ्यास झाला. अर्ध्यांना एपिड्युरल स्टिरॉइड, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. पायाची कळ सुरुवातीचे काही आठवडे स्टिरॉइडवाल्यांची थोडी जास्त कमी झाली. तीन महिन्यांनी फरक गेला. वर्षभरात ऑपरेशन करावं लागलेल्यांचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखं, सुमारे २५ टक्के. २०२० मध्ये कॉक्रेनने २५ अभ्यास आणि २,४७० रोगी एकत्र तपासले. पायदुखी १०० पैकी सरासरी ५ गुणांनी कमी झाली, तीही थोड्या काळापुरती. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने स्पष्ट लिहिलं, की तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीला किंवा नसेच्या दुखण्याला ही इंजेक्शनं देऊ नयेत. दुखण्यावर उपचार करणाऱ्या अनेक डॉक्टरांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, सरासरीत सगळे रोगी एका मापाने मोजले जातात. नीट निवडलेल्या, ताज्या सायटिकाच्या रोग्याला पडद्यावर पाहून दिलेली सुई आजही उपयोगी पडते. वाद चालू आहे.

मला यातून कळलं ते इतकंच. ही सुई वेळ विकत देते. काही आठवडे, फार तर काही महिने. तेवढ्यात बहुतेकांची गादी आपोआप सावरते, बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, सायटिका बहुतेकदा स्वतःहून उतरते. सुई त्या काळातल्या रात्री सुसह्य करते. तिला शाप समजणारे चुकले आणि इलाज समजणारेही चुकले. हेंचच्या रोग्यांपासून तेच चाललंय. आग विझते, लावणारा तिथेच असतो.

आमच्या भागात हा गैरसमज जास्त महाग पडतो. बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टिरॉइडच भरलेलं असतं. दोन दिवसांत आराम, म्हणून माणूस पुन्हा चाळीस किलोचा धानाचा कट्टा पाठीवर घेतो. दुखणं ही कंबरेची तक्रार असते. तक्रार दाबली म्हणजे काम झालं असं नाही, हे निदान आमच्यासारख्या रोज लॉग वाचणाऱ्यांना तरी कळायला हवं.

पुढे काय झालं?

फेब्रुवारीत पुन्हा गेलो. या वेळी आग्रह केला नाही. ओट्यावर बसून आईला हे सगळं सांगितलं, पाण्याच्या पिशवीपासून बुरशीपर्यंत. हिल्डेब्रांटच्या नडगीला ती खूप हसली. वूली आणि रो यांच्या वेळी गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मी बोलत होतो ते अगदीच येडं नव्हतं." नव्हतंच.

डॉक्टरांकडे प्रश्न घेऊन गेलो. सुई पडद्यावर पाहून देणार का? कुपी कोणत्या कंपनीची, सीलबंद, आमच्यासमोर फोडणार का? साखर वाढेल का? (आईला मधुमेहाची सुरुवात आहे. हो, काही दिवस वाढते, लक्ष ठेवावं लागतं.) फायदा झाला तर किती दिवस? डॉक्टर भला माणूस, न चिडता सगळ्याची उत्तरं दिली. वर हेही सांगितलं, की लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं तर सुईबिई विसरायची, तातडीने मोठ्या दवाखान्यात गाठायचं. हे तुम्हीही लक्षात ठेवा.

शेवटचा प्रश्न आईने विचारला. "सुई घेतली तं रोवणी होईल का?"

डॉक्टर म्हणाले, "सुई रोवणीसाठी नाही, बाई. झोपेसाठी आहे."

त्या उत्तरावर तिने सुई घेतली. माझ्या लांबलचक व्याख्यानाने जे झालं नाही ते या दोन वाक्यांनी झालं.

आठवडाभरात ती सलग झोपायला लागली. दोन महिन्यांत कळ बरीच उतरली. सुईने उतरली की वेळेने, मला सांगता येणार नाही. एका आईवर ए-बी टेस्ट करता येत नाही.

परवा रोवणीच्या दिवसांत घरी होतो. आई यंदा बांधीत उतरली नाही. धुऱ्यावर खुर्ची टाकून बसली होती आणि रोवणाऱ्या बायांना सूचना देत होती. मधूनच तिचे हात नकळत पुढे यायचे, रोप धरल्यासारखे. त्या बायांत शेजारची एक नवी सून होती. वाकून वाकून थकली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "मामीजी, कंबर लई धरली."

आई म्हणाली, "मंग बस ना घडीभर. कोण मारते तुले?"

माझ्या आईला हे कोणी कधी म्हटलं होतं का, ते मी विचारलं नाही.